दहावीची परीक्षा दिलेल्या मुलाला हिमालयातल्या ट्रेकला एकटं पाठवावं का?

खडीसाखर

नमस्कार मंडळी,

लेकाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली आणि तेव्हापासून घरात एकच विषय आहे: सर पास, म्हणजे हिमाचलमध्ये कसोलहून सुरू होणारा, बर्फातली खिंड ओलांडायचा ट्रेक. वर्गातले तीन मित्र मे महिन्यात चाललेत, यालाही जायचंय. वय साडेपंधरा, म्हणजे ट्रेक नेणाऱ्या संस्थेच्या अटीत बसतो. आम्ही दोघं बरोबर नसणार. मोठं माणूस म्हणून एका मित्राचा कॉलेजातला चुलतभाऊ आहे, आणि तो स्वतःच एकोणीस वर्षांचा.

सह्याद्रीत राजमाची, कळसूबाई, हरिश्चंद्रगड झालेत. पोहता येतं. दमा वगैरे काही नाही. पण बर्फ त्याने फ्रीजच्या बाहेर पाहिलेला नाही.

मला काळजी तीन गोष्टींची आहे. एक, उंचीचा त्रास. दोन, वर गेल्यावर फोन लागत नाही. तीन, कसोलबद्दल जे ऐकते ते. (काय ते तुम्हाला कळलं असेल.) नवरा म्हणतो, ‘जाऊ दे की.’ रात्री मी नेटवर वाचलेलं त्याला वाचून दाखवायला लागले की त्याला गाढ झोप लागते.

ज्यांनी आपली मुलं पाठवली आहेत किंवा जे स्वतः त्या वयात गेले आहेत, त्यांनी कृपया लिहा. ‘काही होत नाही’ एवढंच लिहिणार असाल तर ते घरात ऐकून झालंय.

रुमालवाला

रुमाल टाकून ठेवतो. धाकटी पुढच्या वर्षी दहावीला आहे.

दगडधोंडे

जरा सविस्तर लिहितो. या वाटेवर वरच्या कॅम्पांवर कॅम्प लीडर म्हणून राहिलो आहे, त्यामुळे मुलं कशी येतात आणि कुठे अडकतात ते जवळून पाहिलंय.

आधी वाट समजून घ्या. कसोल पार्वती नदीकाठी आहे, समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटरवर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढ्या (१६४६ मीटर) उंचीवर तुमचा ट्रेक सुरू होतो! म्हणून कळसूबाई झालीय याचा उंचीच्या सरावाला उपयोग शून्य. पायांना उपयोग आहे, फुप्फुसांनाही थोडा, विरळ हवेसाठी काही नाही.

तिथून ग्रहण गाव ७७०० फूट, मग पदरी ९३००, मिंग थाच ११,२००, नगारू १२,५००, आणि त्यानंतर सर पास १३,८००. पलीकडे उतरून बिस्केरी थाच ११,०००, मग बरशैणीच्या बाजूला खाली. आता ग्रहण आणि मिंग थाच यांच्यात पदरीचा मुक्काम आहे की नाही, हे बघा. काही मंडळी दिवस वाचवण्यासाठी तो गाळतात. मग एका दिवसात साडेतीन हजार फूट चढून तिथेच झोपायचं. मी माझ्या पोराला त्या आखणीने पाठवणार नाही. युथ हॉस्टेलच्या आखणीत पदरी असते, शिवाय सुरुवातीला कसोललाच सरावाचे दिवस असतात: सकाळी व्यायाम, सॅक घेऊन जवळपासची चढण, एक दिवस रॉक क्लाइंबिंग आणि रॅपलिंग (दोरावरून उतरणं). मुलांना ते दिवस कंटाळवाणे वाटतात. सगळ्यात कामाचे तेच असतात.

पासच्या दिवशी नगारूहून अंधारातच निघतात, कारण पहाटे बर्फ कडक असतो, पाय रोवला जातो पण आत जात नाही. ऊन चढलं की तोच बर्फ गुडघ्यापर्यंत आत घेतो. वाटाडे पुढे जाऊन पायऱ्या कापतात, अवघड जागी दोर लावतात. पास ओलांडल्यावर बर्फावरून बसून घसरत खाली यायचं असतं आणि मुलं सगळ्या ट्रेकमध्ये तेवढंच लक्षात ठेवतात. तिथे शिस्त लागते. पुढचा उठून बाजूला होईपर्यंत मागच्याने सुटायचं नाही. काठी, कॅमेरा, बाटली हातात धरून घसरायचं नाही.

आता मुद्द्याचं. पंधरा-सोळाची मुलं चढायला आपल्यापेक्षा चांगली असतात. ती अडकतात ती दुखणं लपवण्यात. रात्री तंबूत शिरून ‘कोणाचं डोकं दुखतंय का रे?’ विचारलं तर एक हात वर होत नाही. चौघांसमोर कोण कबूल करणार? तोच प्रश्न रात्री बोर्नव्हिटाच्या रांगेत कप भरता भरता एकेकट्याला हळूच विचारला की उत्तरं वेगळी येतात. ताई, तुमच्या मुलाला पाठवण्याआधी त्याच्याशी बोलायचं असेल तर याच्यावर बोला. खाली परत येणाऱ्याला घरी कोणी हसणार नाही, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू दे. वडिलांच्या तोंडून तर नक्कीच.

आमचंबालपण

आम्ही साताऱ्याहून एसटीने आणि पुढे पायी रतनगडावर जायचो, गोणपाट पांघरून गुहेत झोपायचो. ना उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी, ना हेड टॉर्च, ना पालकांचे धागे. हल्ली मुलांना काचेच्या कपाटात ठेवायची फॅशन आली आहे. जाऊ द्या त्याला.

स्टेथो

@आमचंबालपण, रतनगड सव्वाचार हजार फुटांवर आहे हो. तिथे प्राणवायू कमी पडत नाही. सर पासच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ६० टक्के असतो. गोणपाटाने तो वाढत नाही.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मूळ प्रश्नाकडे येते.

उंचीचा त्रास मुलांनाही मोठ्यांइतकाच होतो आणि तंदुरुस्तीशी त्याचा संबंध नाही. जिल्हा पातळीवर धावणारा मुलगा पहिला आडवा होऊ शकतो, कारण तो सगळ्यांच्या पुढे जोरात चढतो. सुरुवातीची लक्षणं अगदी साधी असतात: डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसं होणं, झोप न लागणं, नेहमीपेक्षा जास्त थकवा. डोकेदुखी आणि त्याबरोबर बाकीच्यांपैकी एक जरी असेल तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजायचा. त्या दिवशी वर जायचं नाही. आहे तिथेच थांबायचं, पाणी प्यायचं, आराम. वाढत गेलं तर खाली.

दोन गोष्टी झाल्या तर मात्र रात्र असो, पाऊस असो, लगेच खाली उतरवायचं. बसल्या जागी धाप लागणं आणि खोकला, म्हणजे फुप्फुसात पाणी होतंय. किंवा सरळ रेषेत चालता न येणं, असंबद्ध बोलणं, म्हणजे मेंदूला सूज येतेय. प्राणवायूचं नळकांडं आणि औषधं मदत करतात, पण खाली उतरण्याला पर्याय नाही.

३००० मीटरच्या वर रोजची झोपायची उंची साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा संकेत आहे. दगडधोंडे यांनी दिलेले आकडे मीटरमध्ये करून बघा. पदरी ते मिंग थाच जवळपास ५८० (पण पदरी ३००० मीटरच्या खाली आहे, त्याच्या वरचा भाग साधारण ४१०), मिंग थाच ते नगारू ४००. बसतंय, पण सैल नाही. पदरी गाळली तर अजिबात बसत नाही.

डायमॉक्स (अॅसिटाझोलामाइड) सगळ्यांना सरसकट द्यायची गोळी नाही. मुलांमध्ये मात्रा वजनावर ठरते, सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर विचार करावा लागतो. मित्राच्या पाकिटातून तर नाहीच. द्यायची ठरली तर निघण्याआधी घरी एकदा देऊन बघा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार लागते. पहाटे तंबूत हे पहिल्यांदा कळलं तर मूल घाबरतं.

आणि थंडी. पास ओलांडताना ओल्या सुती बनियनमुळे जो गारठा भरतो तो उंचीइतकाच वाईट. बोलताना शब्द अडखळायला लागले, जॅकेटची चेन लावता येईना, विनाकारण चिडचिड सुरू झाली, तर आधी ओले कपडे काढा, मग बाकीचं. २०२४ च्या जूनच्या सुरुवातीला उत्तरकाशीतल्या सहस्त्रतालच्या वाटेवर मुख्यतः कर्नाटकातल्या २२ जणांच्या गटातले ९ जण वादळात सापडून दगावले. बरोबर वाटाडे होते. जून म्हणजे तिथे उन्हाळा, हे डोक्यातून काढून टाका.

वऱ्हाडी_ठेचा

काहून एवढ्या घाबरता ताई! आमचं पोट्टं मागच्या सालीच जाऊन आलं. अकोल्यात मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री, अन् त्याले थंडीची तयारी करायची होती. थर्मल घालून दुकानाच्या आरशासमोर उभं राहिलं तं घामानं भिजून बाहेर आलं.

मजाक सोडा. सराव करायचा म्हटलं तं आमच्या शहरात चढायला डोंगर नाही. आम्ही पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर केला, रात्री नऊनंतर, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून. दिवसा केला असता तं सर पासच्या आधीच वर गेला असता. अन् एक सांगतो, चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करून घ्या. ट्रेकनंतर गुडघे दुखतात ते उतरतानाचे.

चष्मावाली

मी आता कॉलेजला आहे, सोळाव्या वर्षी गेले होते. आई आणि काकूंचे प्रश्न नेहमी बरोबर असतात, पण आमचे वेगळे असतात, ते लिहिते.

सगळ्यात जास्त भीती रांगेत शेवटची राहण्याची वाटायची, उंचीची तेवढी नाही. मागे पडलं की पुढचे थांबतात, आपण पोचलो की ते लगेच निघतात. म्हणजे विश्रांती त्यांना मिळते, आपल्याला नाही. आमच्या गटाच्या लीडर मावशींनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यात सावकाश चालणाऱ्यांना रांगेच्या पुढे घातलं आणि भांडणच मिटलं. असं करतात का, हे विचारून घ्या.

मुलींसाठी: पाळीची तारीख ट्रेकमध्ये येत असेल तर येऊ दे. मला आली होती. वरच्या कॅम्पांवर तंबूचे संडास असतात. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून झिपच्या काळ्या पिशवीत ठेवायचे आणि कसोलपर्यंत परत आणायचे, खड्ड्यात टाकायचे नाहीत. ओलं कापड, साबणाचा कागद, सॅनिटायझर. तारीख पुढे ढकलायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. बरोबरच्या बाईला पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं, म्हणजे लाजण्यात वेळ जात नाही.

चष्मा असेल तर तो दोरीला बांधा. बर्फावर चष्म्यावरून बसणारा गडद गॉगल हवा, नुसता फॅशनचा नको. बर्फावरून परत येणारं ऊन डोळे जाळतं, रात्री वाळू गेल्यासारखं खुपतं. क्रीम लावताना हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूला विसरू नका, ऊन खालूनही येतं. माझ्या नाकपुड्यांची सालं निघाली होती आणि सगळे फोटो तसेच आहेत.

कसोलबद्दल खरं सांगू? हो, बाजारात चरस-गांजा मिळतो. कॅफेत बसलं की कोणीतरी विचारतं. कॅम्पवर कडक शिस्त असते, दारू-सिगारेट सापडली तर घरी पाठवतात. मोकळ्या वेळात मणिकरणला गेलो, चार किलोमीटर आहे, गरम पाण्याची कुंडं बघितली, गुरुद्वाऱ्यात लंगर जेवलो. काकू, हे आडून सुचवू नका, त्याला समोर बसवून नावानिशी बोला. आमच्यातल्या ज्यांच्या घरी ‘ते’ म्हणून बोलणं झालं होतं, त्यांनाच जास्त कुतूहल होतं.

रुमालवाला

हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रीजवर लावतोय. धन्स.

डेन्व्हरकर

आम्ही कोलोरॅडोत राहतो, इथला अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहितो.

इथे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी उन्हाळ्यात रानात राहण्याचे कार्यक्रम असतात. आउटवर्ड बाउंड ही मूळची ब्रिटनमधली संस्था, १९४१ साली वेल्समध्ये सुरू झाली. अमेरिकेतली तिची पहिली शाळा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे कोलोरॅडोत निघाली. दुसरी नोल्स, १९६५ पासून वायोमिंगमध्ये. मुलगी अशाच एका कार्यक्रमाला गेली होती.

फरक असा की स्वयंपाकी नाही, सामान वाहणारे खेचर नाही, कॅम्प लावून तयार नाहीत. डझनभर मुलं, दोन-तीन प्रशिक्षक. रोज एक मूल त्या दिवसाचा म्होरक्या. नकाशा बघून वाट त्यानेच ठरवायची, चुकली तर प्रशिक्षक लगेच बोलत नाहीत, धोका नसेल तोवर चुकू देतात. फोन पहिल्याच दिवशी काढून घेतात. जेवण स्वतः शिजवायचं, खाणं अस्वलाला उघडता येणार नाही अशा डब्यात भरून तंबूपासून लांब ठेवायचं, कचरा तर सगळा परत आणायचाच. दुपारी वीजवादळं होतात म्हणून माथ्यावरून बारापर्यंत खाली उतरलेलं असायचं. शेवटी शेवटी प्रत्येकाला एकटं बसवतात, हाकेच्या अंतरावर पण एकमेकांना न दिसता. मुलगी तिथे खूप रडली, आणि नंतर तेवढंच एक पुन्हा करायचंय म्हणाली.

पन्नास जणांच्या रांगेत वाटाड्यामागे चालणं आणि तयार तंबूत शिरून शिरा खाणं, याला रानातलं साहस म्हणावं का, अशी मला शंका आहे. कोणाला दुखवायचा हेतू नाही.

दगडधोंडे

दुखावलो नाही, शंका रास्त आहे. सर पासच्या वाटेवर मूल वाट शोधायला शिकत नाही, हे खरंच. पण पहिल्यांदा १२,५०० फुटांवर झोपणाऱ्या पोराने त्याच वेळी नकाशाही वाचावा, रॉकेलचा स्टोव्हही पेटवावा, हे मला झेपत नाही. त्या उंचीवर पाणी साधारण ८७ अंशालाच उकळतं. कुकर नसेल तर डाळ शिजता शिजत नाही आणि अर्धकच्चं खाऊन सगळा तंबू रात्री बाहेर. शिरा खाऊ द्या त्यांना.

शिवाय त्या ‘तयार’ व्यवस्थेत एक गोष्ट आहे. रोज नवी तुकडी येते, त्यामुळे खालच्या-वरच्या प्रत्येक कॅम्पवर कायम माणसं असतात. मूल आजारी पडलं तर त्याला एक कॅम्प खाली नेऊन ठेवता येतं, बाकीचा गट अडत नाही. छोट्या गटाच्या ट्रेकमध्ये एकाला खाली न्यायचं तर वाटाडे विभागावे लागतात, आणि तिथेच ‘अजून थोडं चल, बरं वाटेल’ सुरू होतं.

तुम्ही म्हणता तसं शिकायचं असेल तर आपल्याकडे सरकारी गिर्यारोहण संस्था आहेत: दार्जिलिंग (१९५४), मनाली (१९६१), उत्तरकाशी (१९६५), पहलगाम. यांच्यात लहान वयोगटासाठी साहस शिबिरं असतात, आणि वयात बसलं की जवळपास महिन्याभराचा बेसिक कोर्स. तिथे सॅक स्वतःची स्वतः, पहाटेची शिट्टी, दोराच्या गाठी, भांडी घासणं, सगळं आहे. रांग फार मोठी असते, वर्षभर आधी अर्ज करावा लागतो. पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहण संस्थाही सुट्टीत शिबिरं घेतात. सह्याद्रीत आधी तिथे पाठवून मग हिमालय, हा माझा आवडता क्रम.

हिशेबी

भावनेच्या भरात कागदपत्रं कोणी बघत नाही, म्हणून कोरडं लिहितो.

महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी सुरक्षा नियमावली काढली आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. हिमालयातल्या ट्रेकमध्ये मूल गमावलेल्या पालकांनी न्यायालयात वर्षानुवर्षं लढा दिला, त्यातून हे घडलं. धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणी क्रमांक मागा. देत नसेल तर फोन ठेवा.

पुढचं: प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाकडे आहे, प्रमाणपत्राची मुदत संपली आहे का, किती मुलांमागे एक जाणता माणूस, मुली असतील तर बाई लीडर आहे का, विमा आहे तर त्यात उंचीवरची सुटका बसते का. आपल्या नेहमीच्या आरोग्य विम्यात ती बहुतेक वेळा बसत नाही, पॉलिसी वाचा. पालकांचं संमतीपत्र ते तुमच्याकडून घेणारच. त्यात ‘आमची काहीही जबाबदारी नाही’ असं वाक्य असलं तरी त्याने निष्काळजीपणा माफ होत नाही.

आणखी एक, ज्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. नद्या. ८ जून २०१४ ला मंडीजवळ बियासच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचा एक जण वाहून गेले. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं होतं. ती सहल होती, ट्रेकही नव्हता. माझ्या भाचीच्या शिबिरातल्या आयोजकांनीही (नाव लिहीत नाही) मुलांना ‘पाय बुडवा’ म्हणून नदीत उतरवलं होतं. काही झालं नाही, पण तिथून आम्ही पुन्हा कोणाला पाठवलं नाही. पोहता येतं याला तिथे अर्थ नाही. पाणी वितळलेल्या बर्फाचं असतं, शरीर काही मिनिटांत आखडतं.

आमचंबालपण

पोहता येणाऱ्याला नदीची भीती घाला, चढता येणाऱ्याला डोंगराची. मग मुलांनी करायचं काय, मोबाइल?

स्टेथो

नदीत न उतरता ट्रेक करायचा.

आमचंबालपण

बरं बाई.

संपादक

व्यक्तिगत टोलेबाजी थांबवावी. रतनगडाचा विषय वेगळ्या धाग्यात चालेल.

मांडवीकाठ

अवांतर पण उपयोगी. आम्ही गोव्यातून मुलं पाठवली तेव्हा गोवा संपर्क क्रांतीने मडगावहून थेट चंदीगड, तिथून रात्रीची बस भुंतरला आणि पुढे कसोल तीसेक किलोमीटर. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधीच खुलतं, त्यामुळे परीक्षेआधीच ठरवायला लागतं असं नाही, पण मे महिन्याची तिकिटं पहिल्या काही मिनिटांतच संपतात. बसमध्ये मंडीच्या पुढच्या वळणांवर मुलांना ओकाऱ्या होतात. गोळी आधी द्यायची. ओकाऱ्यांनी गळालेलं पोर कॅम्पवर पोचलं की पहिला दिवस झोपण्यात जातो. परतीचं तिकीट ट्रेक संपण्याच्या दिवशीचं काढू नका, एक दिवस मोकळा ठेवा. तिकीट चुकेल म्हणून खराब हवेत पास ओलांडायची घाई करणारे पालकांचेच फोन असतात असं तिथल्या एका लीडरने सांगितलं होतं.

खडीसाखर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कोणी सांगितलं नव्हतं.

अपडेट देते. चष्मावालीचा प्रतिसाद लेकाला वाचायला दिला. कसोलवर समोर बसून बोलले. तो म्हणाला, ‘आई, मला माहीत आहे, शाळेच्या मागेही मिळतं.’ आता मला वेगळी काळजी लागली आहे, पण तो धागा नंतर.

दगडधोंडे यांचं वाचून दोन ठिकाणी फोन केले. (मित्रांपैकी दोघांची तुकडी बदलत होती, म्हणून दुसऱ्या आयोजकांचाही विचार चालू होता.) दोघांना एकच विचारलं: मागच्या हंगामात किती मुलांना अर्ध्या वाटेवरून खाली आणलं? एकजण म्हणाला, ‘मॅडम, एकही नाही, आमचा शंभर टक्के सक्सेस रेट आहे.’ दुसरीकडच्या बाई जरा थांबल्या, म्हणाल्या, ‘दर हंगामात काही असतातच. बहुतेक मिंग थाचहून. ग्रहणला आणून ठेवतो, दोन दिवसांत ठणठणीत होतात, मग रुसून बसतात.’ रुसल्यावर काय करता, विचारलं तर म्हणाल्या, ‘भाजी निवडायला बसवतो.’

मी दुसरीकडे पैसे भरले.

स्टेथो

अगदी बरोबर निवड. निघण्याआधी दातांच्या डॉक्टरांकडेही एकदा जाऊन या. किडलेला दात थंडीत आणि उंचीवर ठणकायला लागला की तिथे काही करता येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

भाजी निवडायला बसवणारी बाई म्हणजे पक्की. आमच्या पोट्ट्याले तिथंच पाठवायला पाहिजे होतं, घरी कधी कांदा चिरला नाही त्यानं.

डेन्व्हरकर

हा प्रश्न मी इथल्या संस्थेलाही विचारायला हवा. चांगला आहे.

खडीसाखर

आता सामानाचे प्रश्न. बुटांचं काय? दुकानदार दहा हजारांचे दाखवतोय. पाय अजून वाढतोय त्याचा, पुढच्या वर्षी बसणार नाहीत. आणि जेवायला ताट न्यायला सांगितलंय, ते सॅकमध्ये बसेना.

दगडधोंडे

दहा हजारांचे नकोत. घोट्याच्या वर येणारे, तळाला खोल खाचा असलेले, साधे ट्रेकिंगचे बूट घ्या, अर्धा नंबर मोठे, कारण आत दोन मोजे येतात आणि उतरताना अंगठा पुढे आदळतो. महत्त्वाचं म्हणजे आत्ताच घ्या आणि रोज घालून फिरू द्या. कसोलला खोका उघडणाऱ्यांच्या टाचेला तिसऱ्या दिवशी फोड येतात. जीन्स अजिबात नको, भिजली की वाळत नाही आणि जड होते. सॅक भरून वजन करा, आठ किलोच्या वर गेली तर त्याच्यासमोर रिकामी करून परत भरायला लावा. तुम्ही भरलीत तर वर त्याला काही सापडणार नाही. हेड टॉर्चचे सेल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, थंडीने उतरतात.

ताटाऐवजी मोठा खोलगट स्टीलचा डबा द्या. डब्यात वरणभात, झाकणात भाजी. धुवायला एकच, आणि वर ज्या पाण्याने धुवायचंय त्यात बोटं फार वेळ ठेववत नाहीत.